तिसरी रेघ

फ्रीजरमध्ये बर्फ कोणी मुद्दाम साठवत नाही, तो साचतो. लॅबमधल्या किश्श्यांचंही तसंच! वर्ध्याच्या आमच्या कॉलेजातली लॅब म्हणजे एक खोली, एक जुना फ्रीज आणि आम्ही चौघं: सर, थिसिस करणारी सुनीता, अटेंडंट नामदेवभाऊ आणि फुकटचे सल्ले देणारा मी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मजेत होतो आम्ही.

*

परदेशातून सुनीताची अँटिबॉडी आली. खोका टीव्हीएवढा, आत थर्माकोल, त्यात बर्फ, आणि सगळ्यात आत कुपीच्या तळाशी एक थेंब!

नामदेवभाऊंनी कुपी उजेडात धरली. "मॅडम, तुमाले फसवलं न!"

सुनीता म्हणाली, "भाऊ, स्नायूत निकोटिनिक रिसेप्टर असतो, नसेचा निरोप घेणारं दारच म्हणा. त्या दाराचा एक तुकडा ही ओळखते. हजार प्रोटीनं असू द्या, ही त्यालाच चिकटते."

"म्हंजे गिरडच्या यात्रेत माय हजारातून आपलंच लेकरू उचलते, तसं?"

सर म्हणाले, "नामदेव, हे शिकवायला मला दोन तास लागतात!"

*

सर मूळचे इथलेच, वऱ्हाडी बोलणाऱ्या समुद्रपूरचे, पण लॅबमध्ये कायम पुस्तकी मराठी. पूजा-उदबत्तीला सक्त मनाई. चहा छान झालाय म्हटलं तरी विचारायचे, "पुरावा?"

थेंब पाच ट्यूबांत वाटून फ्रीजरमध्ये ठेवला. अँटिबॉडी चिकटली की फिल्मवर काळी रेघ उमटायची. ती तीनदा उमटल्याशिवाय सर थिसिसवर सही करणार नव्हते. दोन ट्यूबा सुनीताच्या शिकण्यात गेल्या, पुढच्या दोन्हींना रेघ आली. उरली एक ट्यूब.

*

तेवढ्यात तळेगावहून तिचे वडील आले. कापडाचे दुकानदार. फिल्म उलटीसुलटी करून पाहिली.

"तीन वर्षांत दोन रेघा? आमी कापडावर दिवसाले शंभर मारतो! पाहुणे विचारून राह्यले, पोरगी कवा मोकळी होते. काय सांगू त्याइले?"

सर शांतपणे म्हणाले, "सांगा, एक रेघ बाकी आहे."

*

खंडेनवमीला सकाळी सुनीता आली आणि दारातच थिजली. फ्रीजची पिन काढलेली, दार उघडं, आतून धुऊनपुसून लख्ख, वर झेंडूचा हार!

"भाऊ, माझी ट्यूब!"

"घाबरू नका. हत्यारं पुजाची, त धुवा लागते न! ट्यूब बर्फात हाय." नामदेवभाऊंनी थर्मास उघडला. पहाटेच सायकलनं बर्फाच्या कारखान्यात जाऊन आले होते. सुनीता स्टुलावर बसून रडली.

त्याच दिवशी तिनं ती ट्यूब वापरली. दुसऱ्या दिवशी फिल्म निघाली. तिसरी रेघ आधीच्या दोन्हींपेक्षा ठळक!

सर म्हणाले, "या वेळी वेगळं काय केलं? थिसिसमध्ये लिहावं लागेल."

सुनीता नामदेवभाऊंकडे बघायला लागली.

"काई नाई सर. ट्यूबच्या झाकणाले कुंकू लावलं, बस."

सरांनी फिल्म पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली. मग सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले,

"अन् माह्या मायक्रोस्कोपले काऊन नाई लावलं बे?"