करपलेल्या भाकरीचा वास

गुलबर्ग्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे मुडबी गावची एक बाई बाकावर माझ्या शेजारी बसली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. नाकामागची गाठ वाढल्यामुळे माझा मुलगा तोंड उघडं टाकून झोपायचा, घोरायचा. ऑपरेशनची भीती मी तिला बोलून दाखवली.

सोबत आलेल्या तिच्या लेकीचंही तेच दुखणं. डॉक्टरांनी आधी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिला होता. बाईनं पिशवीतून बाटली काढून खळखळ हलवून दाखवली.

"अक्का, कामून भ्यायलीस? रोज मारायचा, धीर धरायचा. म्हैनाभर आमाला काईच फरक कळला न्हाई बघ."

"मग?"

"परवा चुलीवर भाकर करपायली, आन् ही अंगणातून वरडली, 'आई, वास यायलाय!' कधी कशाचा वास येत नव्हता हिला."

"भाकर वाचली का?"

"कुठली! लेकीला उचलून नाचायलते मी. भाकरीचा कोळसा झाला. तोच पेढ्यावानी गल्लीत वाटला!"

ती इतकी खळखळून हसली, की कंपाउंडरनं दारातून डोकावून बघितलं.

माझ्या मुलाला फवारा पुरला नाही, पुढं ऑपरेशन करावंच लागलं. पण त्या दिवशी नाव पुकारल्यावर त्याचा हात धरून मी हसतच आत गेले.