कोच पाहण्याचा कार्यक्रम

"पोहे गार होतायत. खरं बोला."

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई हे वाक्य कुणालाही ऐकवत. गृहपाठ बुडवणाऱ्या पोराला, उशिरा आलेल्या प्लंबरला, वेळ पडली तर मलाही. पोहे समोर असायलाच हवेत असं काही नव्हतं. मान किंचित तिरकी व्हायची, आणि समोरचा माणूस आपणहून सगळं ओकून मोकळा व्हायचा.

वर्गात त्यांचा आवाज असा खणखणीत, की भिंतीपलीकडे मराठी शिकवणारा मी कवितेच्या मध्येच पाढे म्हणू लागे. आणि मंडळी, हीच बाई संस्थेच्या समितीसमोर उभी राहिली की घशातून नुसती हवा! मुख्याध्यापकपदाच्या मुलाखतीत एकदा तसं झालंच. समितीतले पुरुष ओळीनं बसलेले, बाईंचे ओठ हलताहेत, ऐकू काही येत नाही. पद बाहेरच्या गृहस्थांना गेलं. आता ते गृहस्थ नोकरी सोडून चालले होते, आणि निवृत्तीआधी बाईंना ही शेवटचीच संधी होती.

"मी बोलायला शिकवणारा कोच लावणार," त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. "पण आधी बघून घेणार."

बघून म्हणजे अगदी रीतसर. दोन्ही मुलींची लग्नं बाईंनी आपल्या दिवाणखान्यात जमवली होती. माणूस पारखायची दुसरी पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती. सोफ्यावर कोरी सोलापुरी चादर, पोह्यांच्या बशीत कडेला शेंगा चटणी, आणि घरचे वडीलधारे म्हणून मी. ही भूमिका मी जीव ओतून केली, हे तुम्हाला सांगायला नकोच.

पहिले आले ते टाय लावून. म्हणाले, तुमच्यातली वाघीण जागी करतो.

"ती झोपू दे. तुमचं कधी फसलंय का, ते सांगा."

"मी फसत नाही मॅडम, मी शिकतो."

"पोहे गार होतायत. खरं बोला."

गृहस्थांचा चमचा हवेतच राहिला. बाईंनी उरलेले पोहे डब्यात भरून दिले आणि त्यांना प्रेमानं दारापर्यंत पोचवलं. दुसरे आले, त्यांना फसलेल्यांच्या पुष्कळ गोष्टी येत होत्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या. त्यांनाही डबा मिळाला.

तिसऱ्या एक मॅडम होत्या. सात रस्ता चौकाजवळ कंपन्यांच्या विक्रेत्यांना बोलायला शिकवत. त्यांनी आधी पोहे पुन्हा मागून घेतले, मग सांगितलं, "एका कंपनीच्या माणसांना मी इतकं धीट केलं, की निम्म्यांनी मालकाच्या तोंडावर राजीनामे दिले. त्या कंपनीनं मला परत बोलावलं नाही."

बाई खळखळून हसल्या. मी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. तेवढ्यात मॅडमनी बशी खाली ठेवली.

"आता तुम्ही सांगा. आवाज पहिल्यांदा गेला कुठे?"

बाईंचा आवाज तिथल्या तिथे बारीक झाला. त्यांनाही असंच बघायला आले होते, म्हणाल्या. ओळीनं खुर्च्या, खुर्च्यांवर पुरुष, हातात पोह्यांचा ट्रे. कुणीतरी म्हणालं, जरा मोठ्यानं बोल की. त्या मोठ्यानं बोलल्या. निरोप आला, मुलगी फार बोलते. पुढे लग्न झालं, छान झालं. पण ओळीनं बसलेले पुरुष दिसले की घसा अजून त्या दिवसात जातो.

मॅडमना तिथेच उपाय सुचला. दर रविवारी त्याच दिवाणखान्यात कॉलनीतले पुरुष ओळीनं बसवायचे, बाईंनी हातात ट्रे घेऊन उभं राहायचं, आणि आम्ही आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. चोख उत्तर मिळाल्याशिवाय पोहे नाहीत. मंडळी, भुकेला माणूस किती निर्दय होतो, ते तेव्हा कळलं. सुरुवातीला आम्ही उपाशी घरी जायचो. हळूहळू पोटं सुटायला लागली.

मुलाखतीला शिक्षक प्रतिनिधी म्हणून मीही समितीच्या ओळीत होतो. आमचे अध्यक्ष माढ्याकडचे बागायतदार, बोलायला रांगडे. बशीत चहा ओतता ओतता थांबून त्यांनी विचारलं, "बाई, एवढी मोठी शाळा. तुमाला झेपंल का?"

बाईंचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

मग त्यांची मान किंचित तिरकी झाली.

"साहेब, चहा गार होतोय. खरं बोला. शंका माझ्या कामाची आहे, का आवाजाची?"

भिंतीपलीकडच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प झाली असावीत. अध्यक्षांनी बशी खाली ठेवली.

"आवाजाची व्हती."

"आणि आता?"

"आता न्हाय की."

पुढे निवृत्त होईपर्यंत बाईंनी शाळा अशी चालवली, की प्रार्थनेला माईक कुणी काढलाच नाही. मुलाखतीच्या खुर्च्या त्यांनी गोल मांडायला लावल्या आणि पहिला चहा उमेदवाराला द्यायचा, असं ठरवून टाकलं. आता त्या टेंभुर्णीला थोरल्या लेकीकडे असतात.

परवा नव्या शिक्षिकेची मुलाखत होती. पोरगी हुशार, पण घाबरून नुसती मान हलवत होती. आम्ही गोल बसलेलो. अध्यक्षांनी तिचा कप हलकेच तिच्याकडे सरकवला आणि मान किंचित तिरकी केली.

"चा गार व्हतोय, बाई. खरं बोला."

पोरगी बोलू लागली.