‘गेम आहे, मिस!’

रोझलीन मिस शिवी पुसण्याआधी तिचं शुद्धलेखन तपासायच्या. ‘‘शिवीसुद्धा धड लिहिता येत नाही मेल्याला!’’ असं पुटपुटायच्या आणि मगच बटण दाबायच्या. मरोळच्या गावठाणातल्या या बाईंनी उभी हयात मराठी शाळेत शिकवलं. शाळा बंद पडली आणि त्या अंधेरीला आमच्या ऑफिसात आल्या. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या लिहिलेल्या-बोललेल्या मराठी-हिंदी गप्पा तपासायच्या, नियमात न बसणारं काढून टाकायचं, हे आमचं काम. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. त्यांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असायची आणि वास येतो म्हणणाऱ्याला पहिला घास मिळायचा.

एका गेममध्ये खेळाडूंना वस्ती बांधता यायची. एका टोळक्यानं दुसऱ्या धर्माच्या लोकांची वस्ती बांधली होती. घरं, दुकानं, प्रार्थनेची जागा, सगळं हुबेहूब. रोज ती पेटवायची आणि पुन्हा बांधायची. मधूनच कुणीतरी म्हणायचं, ‘‘रविवारी बैठकीला या, खरं काम शिकवतो.’’

मिसनी वर कळवलं. आमचा टीम लीडर निखिल म्हणाला, ‘‘मिस, गेममध्ये गावं जळतातच. आणि राजकारणात कंपनी पडत नाही. कुणाला थेट धमकी आहे का? नाही ना? मग राहू दे.’’

मलाही ते थोडं पटलं होतं. मी म्हटलं, ‘‘आज यांचं काढलं, तर उद्या कुणाची साधी घोषणाही काढतील. ठरवायचं कुणी?’’

‘‘बरोबर आहे रे तुझं,’’ मिस म्हणाल्या. ‘‘पण मग बघायला तरी मला कशाला बसवलंय?’’

एकदा त्या टोळक्याचं बोलणं ऐकताना त्यांनी कानावरचे हेडफोन एकदम काढले. त्यातला एक आवाज त्यांच्या ओळखीचा होता. रोहन. त्यांचाच जुना विद्यार्थी, त्यांच्याच गल्लीत राहणारा, त्यांचा गॅस सिलिंडर वर चढवून देणारा.

ऑफिसात पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी लिहून दिलेलं होतं. तरी त्या त्याच्या घरी गेल्या. आईला एवढंच म्हणाल्या, ‘‘कुणाबरोबर खेळतो, जरा बघत जा गं.’’

‘‘घरातच असतो ना मिस. दारू नाही, सिगारेट नाही. अजून काय पाहिजे?’’

रोहननं वाकून नमस्कार केला. मिसनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर हसला. ‘‘गेम आहे, मिस! तुम्ही कुठं एवढं सिरीयसली घेताय?’’

मिसनी पुन्हा वर कळवलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

काही महिन्यांनी घाटकोपरला त्याच दुसऱ्या धर्माच्या एकाचं टायरचं दुकान पेटवलं गेलं. आत झोपलेल्या माणसाचे दोन्ही हात भाजले. पकडलेल्या चौघांत रोहन होता. दुसऱ्या दिवशी गेममधली ती वस्ती आणि त्या सगळ्या गप्पा कंपनीनं काढून टाकल्या. कुणालाच विचारावं लागलं नाही.

मिसनी राजीनामा दिला. मी भेटायला गेलो, तेव्हा रोहनची आई नुकतीच येऊन गेली होती. चहाचे दोन कप तसेच भरलेले होते.

‘‘म्हणाली, मिस, तुम्हाला माहीत होतं ना? मग मला नीट का नाही सांगितलंत?’’

‘‘तुम्ही काय म्हणालात?’’

‘‘ती उठून जाईपर्यंत तिचा हात धरून बसले.’’