केळीच्या चिकाचा डाग
नातीच्या फ्रॉकला केळीचा चीक लागला, की मला ह्यांची लुंगी आठवते. तिच्यावर तपकिरी डाग दिसले तेव्हा हे म्हणाले, "वाडीतला चीक गो." पण चिकाचा डाग जन्मात निघत नाही, आणि हा एका पाण्यात निघाला. लघवीला अडायला लागलं तेव्हा वसईला गेलो, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "लघवीतून रक्त जातं?" "नाय वो," हे म्हणाले. परक्या पुरुषासमोर मी लाजून गप्प बसले. रक्ताची तपासणीही चांगली आली. काही महिन्यांनी त्रास वाढला, तेव्हा तुकडा काढून तपासला, तर प्रोस्टेटचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "हा क्वचित सापडणारा प्रकार, रक्ताच्या तपासणीत लपतो. लघवीतलं रक्त हीच याची खूण. घरात कुणालाच कळलं नाही?" "हिला काय कळतंय, चौथी शिकलीय," हे म्हणाले, आणि मीही 'हो' म्हणून मान डोलावली. आता हे नाहीत. मला खरंच काही कळलं नसतं, तर मी नुसती रडले असते.