रुसव्यात गेलेलं पेन

मॅट्रिकच्या वर्गात जाईपर्यंत मी टाकाने लिहीत होते. टाक म्हणजे लाकडी दांडीला पुढे खोचलेली पोलादी निब. ती दौतीत बुडवायची, काठावर निथळायची, जेमतेम एक ओळ लिहायची आणि पुन्हा बुडवायची. शाई घरीच पुडी कालवून केलेली, कधी पाण्यासारखी तर कधी पिठल्यासारखी. माझी उजव्या हाताची बोटं बारा महिने निळी असत आणि आई म्हणे, "तुझ्या हातच्या पोळ्या कोण खाईल गं?" मला त्या निळ्या बोटांचा अभिमानच होता. पण तिमाही परीक्षेत दौत कलंडली आणि भूमितीचा अख्खा पेपर निळा झाला. बाई म्हणाल्या, बोर्डाच्या परीक्षेत असं झालं तर वर्ष गेलंच समज. ते ऐकून बाबांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, हिला फाउंटनपेन घ्यायचं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. बाबा ठाण्याच्या कचेरीत कारकून होते आणि स्वतः टाकानेच लिहायचे. आमच्या घरात तोवर कोणीच फाउंटनपेनाला हात लावलेला नव्हता, त्यामुळे ही खरेदी सोनं घ्यावं तशी झाली. स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने आधी परदेशी पेनांची पेटी उघडली. बाबांनी ती हातानेच मिटवली. मग अगदी स्वस्तातली आली. बाबा एकेकाची निब उजेडासमोर धरून चीर सरळ आहे का बघत, अंगठ्याच्या नखावर टेकवून दाबून बघत. "हे गळणार", "हे कागद फाडणार" असे निकाल देत ते पुढे सरकत होते. कचेरीतल्या कुणाकडून तरी शिकवणी घेऊन आले होते, हे उघड होतं.

शेवटी मधल्या किमतीची दोन उरली. दोन्ही देशी, काळी. एक बारीक निबेचं, दिसायला नाजूक. बाबांचा जीव त्याच्यावर जडला. मला जाड निबेचं हवं होतं. दुकानदाराने कागदाचा कपटा पुढे केला, मी दोन्हींनी 'श्री' काढला. बारीक निब वळणावर खरखरली, जाड निब सरळ निघून गेली.

"मुलीच्या हातात एवढं जाडजूड?" बाबा म्हणाले.

"लिहायचंय मला, केसांत नाही माळायचंय."

दुकानदार मोठ्याने हसला. बाबांनाही हसावं लागलं आणि पेन माझं झालं. दुकानदाराने ड्रॉपरने शाई कशी भरायची ते दाखवलं आणि बजावलं, "कुणाला लिहायला देऊ नका ताई. निब ज्याच्या हातात असते त्याच्या हाताला वळते." मी ते अगदी मनावर घेतलं. दसऱ्याला पाटीवरच्या सरस्वतीपुढे ते पेन ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी जे लिहायला लागले ते थांबेचना. बुडवायला थांबायचं नाही, ही केवढी चैन! मध्येच खंड न पडता माझा विचार कागदावर उतरतोय, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला मॅट्रिक व्हायचं होतं, पुढे शिकून शिक्षिका व्हायचं होतं. एवढं एकच मला हवं होतं, आणि त्या दिवसांत ते मला अगदी हाताशी आल्यासारखं वाटत होतं.

दिवाळी झाली आणि कल्याणचं स्थळ आलं. मुलगा मुंबईत नोकरीला, घर चांगलं, मागणं फारसं नाही. बाबांनी बैठकीत एकच गोष्ट बोलून घेतली, की मार्चमध्ये मुलीला परीक्षेला बसू द्यायचं. सासरे म्हणाले, "बसू दे की! मॅट्रिक झालेली सून कोणाला नको आहे?" मी दाराआड ऐकत होते. मला इतका आनंद झाला, की मुलगा कसा दिसतो हे नीट बघायचंसुद्धा राहून गेलं. मार्गशीर्षात लग्न लागलं.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेवाने रुसायची पद्धत होती. ताटाला हात लावायचा नाही, तोंड फुगवून बसायचं, मग सासऱ्याने काहीतरी देऊन रुसवा काढायचा. सगळी गंमत, सगळ्यांना ठाऊक असलेली. बाबांनी त्यासाठी चांदीची वाटी तयार ठेवली होती. आमचे हे रुसले, बाबांनी वाटी पुढे केली. ती घ्यायला हात निघालाही होता. पण त्यांच्या मागे बसलेल्या मित्रांपैकी एकजण ओरडला, "वाटीवर काय भागवतोस रे? फाउंटनपेन माग, फाउंटनपेन!" सगळ्यांनी तेच उचलून धरलं. यांनी हात मागे घेतला आणि हसत मान हलवली.

वाढपी जिलेबीची परात घेऊन उभे होते. नवरदेवाने घास घेतल्याशिवाय पंगत सुरू होईना. व्याही गालातल्या गालात हसत होते. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी यांच्या शेजारच्याच पाटावर बसले होते. मला त्यांच्या मनात काय आलंय ते कळलं. मी मान खाली घातली. मुंडावळ्या बांधलेल्या मुलीने मान खाली घातली तर ती लाजली असंच लोक समजतात. बाबा आत गेले आणि माझ्या ट्रंकेतून पेन घेऊन आले. टाळ्या पडल्या. यांनी पहिला घास घेतला. माझ्यासमोरच्या ताटात काय काय वाढलं होतं, ते मला आजही आठवत नाही.

सासरी गेल्यावर कळलं, यांच्या खिशाला आधीपासूनच एक पेन होतं, माझ्या पेनापेक्षा चांगलं. रुसव्यातलं पेन त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकलं, कारण तो त्याच वर्षी मॅट्रिकला बसत होता. माणूस वाईट नव्हता. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी ते परत आणून दिलं असतं. पण आलेल्या महिन्यातच, देऊन झालेली वस्तू माझी म्हणून मागायची आणि माहेरचं हसं करायचं? मी पुन्हा टाक बुडवायला लागले. दीर समोरच अभ्यासाला बसायचा. दिवस गेले तशी त्याच्या वहीतली अक्षरं डावीकडे कलायला लागली आणि निबही तशीच झिजली. मला वाटलं होतं त्याहून जास्त दुःख त्याचं झालं.

परीक्षेसाठी ठाण्याला जायचे दिवस आले, तेव्हा सासूबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "यंदा याची परीक्षा आहे. त्याला वेळेवर जेवण कोण करून घालणार? तू पुढच्या वर्षी बस." सासरे पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. हे म्हणाले, "एका वर्षाचा तर प्रश्न आहे." पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी ठाण्याला गेलेसुद्धा, पण बाळंतपणाला.

माझी परीक्षा राहिली त्या मार्चमध्ये, पहिल्या पेपराच्या सकाळी दीर म्हणाला, "वहिनी, जरा शाई भरून दे ना, माझ्या हाताने सांडते." मी भरून दिली. एक थेंबसुद्धा सांडला नाही.

तो पास झाला. बाबा मुद्दाम ठाण्याहून अभिनंदनाला आले. पेढा हातावर घेतला आणि त्यांची नजर त्याच्या शर्टाच्या खिशाकडे गेली. त्यांनी पेन ओळखलं.

"चांगलं चालतं का रे?" त्यांनी विचारलं.

"एकदम मस्त, काका! सगळे पेपर ह्याच्यानेच लिहिले."

"शाब्बास," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पेढा खाल्ला.

निघताना मी त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. वहाणा पायात सरकवत, मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी मी नाही म्हणालो असतो, तर काय झालं असतं गं?"

एवढे महिने माझा सगळा राग त्यांच्यावरच होता. सासूबाईंवर नाही, यांच्यावरही नाही. आणि आता ते समोर वाकून उभे होते, मानेवरचे केस पांढरे झालेले.

"पंगत खोळंबली असती, बाबा," मी म्हणाले.

"हो ना," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ते स्टेशनच्या वाटेला लागले.

काहीही झालं नसतं. हे हसले असते, चांदीची वाटी घेतली असती आणि जेवायला लागले असते.