दहावीच्या पुस्तकातलं एक वाक्य

छापखान्यात त्यांना सगळे काकू म्हणायचे, साहेबसुद्धा. काम प्रूफं तपासण्याचं, तेही जुन्या पद्धतीनं, जोडीनं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं आणि सुटलेलं समासात लिहायचं. काकू वाचायच्या. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. इतकी वर्षं हेच केलं, की घरी लेकीला रागावतानाही "पुरे झालं, पूर्णविराम" असं तोंडून निघायचं आणि लेक हसून लोळायची. ऐकायला समोर बसायचे ते त्यांचे धाकटे दीर. अबोल माणूस. एकतीस वर्षं वहिनी आणि भावोजी एकाच टेबलाला.

त्या दिवशी टेबलावर आलं दहावीच्या इतिहासाचं पुस्तक, सुधारित आवृत्ती. प्रकरण सातवं, महासत्तेचं आधुनिक परराष्ट्र धोरण. हे प्रकरण काकूंना तोंडपाठ होतं, आणि का नसावं? त्याच धोरणानं त्यांचा संसार मोडला होता. महासत्तेला तेव्हा शेजारच्या देशातलं सरकार नको होतं. त्या सरकारच्या सैन्याला तंबूचं कापड इथल्या गिरणीतून जातं, असा तिला संशय आला, आणि एका सकाळी पहिल्या पाळीला विमानं आली. अहो, चादरी विणायचे तिथे, चादरी! काकूंचे यजमान मागावर होते.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत ते सरळ छापलं होतं: ‘विमानांनी कापड गिरणीवर बॉम्ब टाकले आणि त्रेचाळीस कामगार ठार झाले.’ मग वारं फिरलं. महासत्ता बंदर बांधून देणार म्हटल्यावर त्याचं झालं, ‘हवाई कारवाईत गिरणीचे नुकसान होऊन काही जीवितहानी झाली.’ पुढे तिचा नाविक तळ आला आणि उरलं, ‘काही काळ संबंधांत तणाव होता.’ विमानं गेली, गिरणी गेली, माणसं तर कधीच गेली. दर वेळी काकूंनी निमूट वाचलं आणि खाली सही केली. पदरात लहान पोर होती, नोकरी हवी होती. पण त्या सह्यांची चीड अजून उतरली नव्हती, आणि ती साहेबापेक्षा स्वतःवरच जास्त होती.

आता तणावही गायब. त्या जागी काय, तर ‘महासत्तेने या प्रदेशात शांतता नांदावी यासाठी सातत्याने प्रयत्न केले.’ काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नात यंदा दहावीत. आजोबांना मारणाऱ्यांची ही आरती ती घोकणार आणि चार मार्कांसाठी लिहून येणार. काकू प्रत घेऊन तरातरा साहेबाच्या खोलीत गेल्या. साहेबानं मानही वर केली नाही.

"काकू, प्रतीप्रमाणे वाचा. आपण छापणारे, लिहिणारे नव्हे."

काकू परत येऊन बसल्या आणि वाचू लागल्या. शांततेचं वाक्य संपलं, पण त्या थांबल्या नाहीत. त्याच सुरात, प्रतीवरची नजर न उचलता, त्यांनी जुनं वाक्य म्हटलं, त्रेचाळीस कामगारांसकट.

भावोजींचं पेन थांबलं. "वहिनी, हे प्रतीत आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काय? ऐकाल ते लिहायचं, हाच तुमचा नियम ना? एकतीस वर्षं साहेबांसाठी पाळलात, आज माझ्यासाठी पाळा. साहेब खोडतील, खोडू देत. पण हातात पेन घेऊन, वाचून खोडावं लागेल त्यांना."

भावोजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले. काकूंचा संताप अनावर झाला. सख्खा भाऊ गेला आणि हा माणूस काचा पुसतोय.

"दगड आहात तुम्ही. काहीच कसं वाटत नाही हो?"

"वाटतं." त्यांनी चष्मा चढवला. "पण आकडा चुकलाय."

"काय चुकलंय? पहिल्यापासून हाच होता."

"पहिल्यापासून चुकीचा होता. त्रेचाळीस जागच्या जागी गेले. दादा नवव्या दिवशी दवाखान्यात गेला. त्याला त्यात कुणी धरलंच नाही."

ज्या वाक्यासाठी काकू भांडायला उठल्या होत्या, त्यात त्यांचा नवरा कधी नव्हताच. आणि ते वाक्य त्यांनी स्वतः, खणखणीत आवाजात, तीन आवृत्त्या वाचलं होतं. अक्षरं वाचली होती, माणसं मोजली नव्हती.

भावोजींनी समासावर पेन टेकवलं.

"वाचा, वहिनी. चव्वेचाळीस म्हणून वाचा."