टोक मोडलेलं पान

नोटीस पाठवली आणि मी चहा प्यायला खाली उतरले. प्रकरण दोन मिनिटांत मिटवलं होतं. लखनौतल्या हजरतगंजच्या आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर उभी राहून मी स्वतःवर इतकी खूश होते, की चहासोबत बन-मक्खनही घेतलं.

त्या नोटिशीत मी एका बाईला चोर ठरवलं होतं.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर माझ्या सासूबाईंसारखं तुम्हीही विचाराल, "म्हणजे तू दिवसभर गेमच खेळतेस का गं?" मी एका छोट्या गेम कंपनीत आयटम रिव्ह्यू बघते. माहेर सांगलीचं, नवरा वायुदलात, त्यामुळे सध्या मुक्काम बख्शी का तालाबच्या क्वार्टर्समध्ये. आमचा गेम पतंगबाजीचा. गच्चीवर उभं राहायचं, ऑनलाइन दुसऱ्याशी पेच लावायचा, कापायचा किंवा कापून घ्यायचा. खेळ फुकट आहे. कंपनीचं पोट चालतं ते कॉस्मेटिक आयटम्सवर. म्हणजे आपल्या खेळाडूला घालायचा कुर्ता, टोपी, पतंगावरची नक्षी. यातलं काहीही घेतलं तरी पेच जिंकायला कवडीचा उपयोग नाही. नुसतं मिरवायला. आणि मिरवायला लोक हौसेने पैसे खर्च करतात, हे लग्नसराईत सांगलीच्या बाजारात उभं राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, की हे आयटम खेळणाऱ्यांनीच बनवावेत. ॲपमध्ये टेम्प्लेट असतं. शिंप्याने कटिंग करून ठेवलेलं असतं ना, पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या, तसंच. त्यावर मोबाईलवरच रंगवायचं, ॲप ते जोडून खेळाडूच्या अंगावर चढवतं. आम्ही तपासतो, मग ते दुकानात लागतं, आणि प्रत्येक विक्रीतला ठरलेला हिस्सा बनवणाऱ्याला जातो. त्याला रेव्हेन्यू शेअर म्हणतात. नियम एकच कडक: दुसऱ्याचं चोरलं तर आयटम बाद आणि तुम्हीही कायमचे बाद. परत दार उघडत नाही.

तर, दोन चिकनचे, म्हणजे लखनवी भरतकामाचे, कुर्ते होते. पहिला विनीतचा. तो चारबाग स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असतो. दुसरा आठवड्याने आलेला, शाहीन नावाच्या बाईंचा. डिझाइनवाल्यांनी जमघटच्या अपडेटसाठी शाहीनचा निवडला. जमघट म्हणजे दिवाळीचा दुसरा दिवस. त्या दिवशी अख्खं लखनौ गच्चीवर असतं आणि आमचा सर्व्हर रडकुंडीला आलेला असतो. त्या यादीत नाव लागणं म्हणजे वर्षाची कमाई. विनीतने तक्रार केली, "मैडम, ये मेरा डिज़ाइन है."

मी दोन्ही कुर्ते शेजारी ठेवून मोठे केले. तीच वेल, तेच फूल, तीच पानं. इथवर ठीक, चिकनमध्ये वेलबुट्टी सारखी असू शकते. पण डावीकडच्या तिसऱ्या पानाचं टोक मोडलेलं होतं. दोन्हीकडे! अगदी तिथेच, तेवढंच.

आमच्या धंद्यात याच्याइतका पक्का पुरावा नाही. चांगलं काम दोघांना सारखं सुचू शकतं, पण चूक सारखी कशी सुचेल? नक्कल करणारा चुकीसकट उतरवतो आणि तिथेच सापडतो. विनीतचा आठवडाभर आधीचा, म्हणजे चोर दुसरी. इंग्रजीतली छापील नोटीस काढली, नाव घातलं, पाठवली. तीन दिवसांत उत्तर द्या. मग बन-मक्खन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपोर्टच्या नंबरावर व्हॉइस नोट आली. बाईचा आवाज, शांत, पण शेवटी किंचित कापरा. "हमने किसी का कुछ नहीं उतारा है. अंग्रेज़ी हमें आती नहीं, पड़ोस में पढ़वाया तो पता चला कि हमें चोर लिखा है. आप आकर देख लीजिए."

मी दोनदा ऐकली. 'चोर' हा शब्द नोटिशीत नव्हता हो. पण अर्थ तोच होता, शेजाऱ्याने फक्त सभ्यपणा काढून टाकला होता. पत्ता बघितला तर आमच्या क्वार्टर्सपासून स्कूटीवर दहा मिनिटांवरचं गाव. तोवर मी कुठल्याही क्रिएटरच्या घरी गेले नव्हते. पण एवढ्या जवळ असून जायचं नाही, हे माझ्याच्याने झालं नाही. खरं सांगायचं तर, जाऊन खात्री करू आणि शांत झोपू, असाच विचार होता. मी चुकले असेन असं तेव्हाही वाटत नव्हतं.

बुधवारी सकाळी ऑफिसच्या आधी गेले. शेताकडेचं दोन खोल्यांचं घर, अंगणात खाट. शाहीन माझ्याच वयाच्या, पंचेचाळिशीच्या. जाड भिंगाचा चष्मा. मी ओळख सांगितली तशी त्यांनी खाट झटकली. मग "बैठिए" म्हणून पाणी आणलं. ज्या बाईने आपल्याला चोर ठरवलं तिला आधी पाणी!

आठव्या वर्षापासून चिकनचं काम करतात. आता डोळे साथ देत नाहीत, डॉक्टरांनी बारीक टाका बंद करायला सांगितलाय. मोबाईलवर कुर्ते कसे काय जमतात मग, मी विचारलं. त्यांनी दोन बोटांनी स्क्रीन मोठी करून दाखवली. "यहाँ बड़ा हो जाता है ना. कपड़ा बड़ा नहीं होता, मैडम."

"और गेम?"

"बचपन में बहुत उड़ाते थे. फिर कहा गया, अब बड़ी हो गई हो, छत पर मत जाओ." त्या पहिल्यांदा हसल्या. "इसमें कोई नहीं रोकता."

मी मुद्द्यावर आले. फोनवर दोन्ही कुर्ते दाखवले, मोडक्या पानावर बोट ठेवलं. म्हटलं, हे कसं काय? त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडे असं बघितलं, की हिला एवढंही माहीत नाही का! उठल्या, आत गेल्या आणि कपड्यांचं एक गाठोडं आणून खाटेवर सोडलं.

अर्धवट भरलेले कुर्ते. पांढऱ्या कापडावर निळ्या रेघांची नक्षी. चिकनचं असं असतं, की काढणारी बाई नक्षी स्वतः आखत नाही. शहरातला छपाईवाला लाकडी ठप्प्याने कच्च्या निळीत ती छापून देतो, बायका त्या रेघांवर टाके घालतात आणि शेवटी धुतलं की नीळ निघून जाते. उरतो फक्त दोरा.

पहिला कुर्ता उचलला. तिसऱ्या पानाचं टोक मोडलेलं. दुसरा उचलला. मोडलेलं. तिसरा, चौथा, सगळ्या गाठोड्यात तेच.

"रईस मियाँ का ठप्पा है," शाहीन म्हणाल्या. "उनके अब्बा के वक़्त का. कोना टूट गया है."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो पुरावा नव्हताच! एका ठप्प्याचा टवका उडाला होता आणि तो गेली कित्येक वर्षं अर्ध्या लखनौच्या अंगावर छापला जात होता. मला एका फोनवर विचारता आलं असतं. मी बन-मक्खन खात होते.

तिथूनच विनीतला फोन लावला. "तुम्हारा डिज़ाइन कहाँ से आया?"

"मम्मी के कुर्ते से ट्रेस की है, मैडम. क्यों?" पोरगा प्रामाणिक होता. त्यालाही वाटत होतं की ती त्याच्याच घरातली आहे.

निघताना शाहीननी एक कुर्ता उलटा करून माझ्या हातात दिला. आतल्या बाजूला दोऱ्यांची आडवीतिडवी जाळी. याला उलटी बखिया म्हणतात, त्यांनी सांगितलं. टाका आतून घालायचा, पातळ कापडातून बाहेर त्याची सावली दिसते. "काम किसका है, ये सीधी तरफ़ से पता नहीं चलता. उलटकर देखिए, तब हाथ पहचान में आता है." मी मान हलवली. तेव्हा माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

दुपारी आमचे बॉस निगम सर यांच्यासमोर सगळं मांडलं. निगम सर अस्सल लखनवी. नाही म्हणायचं असलं की आवाज जास्तच मधाळ होतो.

"देखिए, आप बिल्कुल सही कह रही हैं," ते म्हणाले. म्हणजे नकार आलाच. "चोरी नहीं हुई. पर ओरिजिनल भी तो कोई नहीं है. नक़्शा तो छपाईवाले का है. दोनों आयटम हटा दीजिए. झगड़ा ख़त्म."

"सर, उसका नाम चोरी में लिखा गया है. हटाएँगे तो लिखा ही रहेगा."

"नोटिस किसने भेजी थी?"

"मी," मी मराठीतच म्हणाले. रागाने नव्हे, लाजेने.

सरांनी कॅलेंडरकडे बघितलं. शुक्रवारी यादी बंद होणार होती. मग म्हणाले, "उस कुर्ते में उनका अपना क्या है, ये दिखा दीजिए. फिर बात करते हैं."

जागेवर आले. तासभर दोन्ही कुर्ते फिरवत बसले. समोरून सारखेच. मागूनही. मनात म्हटलं, संपलं, आपण त्या बाईंना तोंडघशी पाडलं आणि आता हात वर करणार. आणि मग, काय करायचं सुचेना म्हणून, कुर्ता उलटा केला.

आमच्या टेम्प्लेटमध्ये आतल्या बाजूचेही तुकडे असतात. कोणी भरत नाही. खेळात वारा आला आणि कुर्ता उडाला तर क्षणभर दिसतात, एवढंच. विनीतचे कोरे पांढरे होते. गेल्या दोन वर्षांत मी तपासलेले सगळे तसेच असणार, कारण मी कधी बघितलेच नव्हते.

शाहीनच्या आतल्या तुकड्यांवर एकेक दोरा काढलेला होता. प्रत्येक पानामागे ती आडवीतिडवी जाळी. कुठे दोरा संपला तिथे गाठ. मोडक्या टोकाच्या पानामागे तर टाके एक घर पुढे गेले होते, तुटलेलं टोक आतून पुरं करायला. बाहेर त्याची नुसती फिकट सावली पडत होती. ती मी सोमवारी मोठी करून बघितलीही होती, आणि वाटलं होतं, रंग सांडलाय.

माझे डोळे भरून आले. ऑफिसात. लॅपटॉप तसाच उचलून सरांच्या केबिनमध्ये शिरले, दार ठोठावायचंही राहिलं.

सरांनी कुर्ता स्वतः दोनदा उलटासुलटा केला. "हमारी अम्मा भी काढ़ती थीं..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मग एकदम साहेबी आवाजात, "तो फ़ॉर्म में क्या लिखेंगे? बनानेवाला कौन?"

खरा अडसर तोच होता. आमच्या फॉर्मवर बनवणाऱ्यासाठी एकच रकाना. आणि चिकनचा कुर्ता एका माणसाचा असतच नाही. छापणारा वेगळा, भरणारी वेगळी, धुणारा वेगळा. आम्ही बंगलोरच्या कुठल्याशा कंपनीचा फॉर्म बघून आपला बनवला होता. लखनौत बसून!

गुरुवारी तो रकाना फोडून दोन केले: नक्षी कोणाची, काम कोणाचं. हिस्साही तसाच वाटायचा. रईस मियाँना फोन केला. गेम, ॲप, हिस्सा हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "टूटा कोना वैसा ही रखा है ना? ठीक मत कर दीजिएगा. उसी से लोग पहचानते हैं."

सगळं गोड झालं असं नाही. रईस मियाँच्या हिश्शाचे कागद वकिलाकडे अडकले, जमघटला त्यांचं नुसतं नाव लागलं, पैसे मागाहून सुरू झाले. चूक कंपनीची होती असं जाहीर लिहायला निगम सर शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. विनीत दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "मैडम, शाहीन जी मेरे कुर्ते का अंदर भी बना देंगी? आधा-आधा." बनवला त्यांनी. त्याच्या आईच्या कुर्त्याचे फोटो उलट्या बाजूने मागवून घेतले आणि मगच हात लावला.

माफी मात्र मी मागितली. नोटीस दोन मिनिटांत लिहिली होती, माफीला अर्धा दिवस लागला. हिंदीत, व्हॉइस नोटवर, कारण शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आणायची नव्हती. चोरीची नोंद पुसली आहे, तुमचं नाव यादीत आहे, चूक माझी होती. त्यांचं उत्तर आलं, "आपने उलटकर देख तो लिया. कोई देखता नहीं." मी ते नवऱ्याला, सुहासला, ऐकवलं. त्याने विचारलं, "आणि नसतं बघितलंस तर?"

आता आमच्या रिव्ह्यूच्या चेकलिस्टवर पहिली ओळ आहे: आयटम उलटा करून बघा. दुसरी ओळ: नोटीस पाठवण्याआधी फोन करा. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागतात. निगम सर कुरकुरतात. कुरकुरू देत.

जमघटच्या दिवशी दुपारी मी गेम उघडला, सर्व्हर तग धरून आहे का बघायला. समोरच्या गच्चीवर पांढऱ्या कुर्त्यातली एक खेळाडू होती. वारा सुटला, कुर्ता उडाला, आतली जाळी दिसली. नाव वाचलं, शाहीन. मी मोठ्या आपुलकीने पतंग त्यांच्याजवळ नेला आणि चॅटवर लिहिलं, "नमस्ते, मैं रिव्ह्यूवाली."

त्यांनी नमस्ते लिहिलं आणि लगेच माझा पतंग कापला.